उघडीप ट्रेकला द्या, भुरभुर पळायला

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही परभणीच्या, डिसेंबरात पहिली हाफ मॅरेथॉन पळायचीय, दाजींना पळण्यात काडीचा रस नाही पण डोंगर चढायला लई आवडतं. म्हैसमाळ भागात शुक्रवार रात्र ते रविवार दुपार अशी लाकडी केबिन बुक करून ठेवलीय, आणि आता रोज पावसाचा अंदाज यायलाय म्हणून कॅन्सल करावं का, आणि गेलोच तर रविवारचा १४ किलोमीटरचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, आणि दाजींचा ट्रेक (त्यांच्या यादीत देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला, अंतूरचा किल्ला आणि पितळखोऱ्याची लेणी) दोन्ही कसं बसवायचं, असं विचारलंय. मी संभाजीनगरात सकाळचा रनिंग ग्रुप घेतो आणि पावसाळ्यात याच डोंगरांत लोकांना घेऊन फिरतो, बरीच वर्षं झाली, तर जे स्वतः करतो तेच सांगतो.

आधी एक, सगळा दोष पावसावर टाकू नका. तुम्हाला ट्रेनिंगचा रन पाहिजे, दाजींना चढाई पाहिजे, आणि दोघांना एकमेकांसोबत निवांत वेळ पण पाहिजे, आणि हे सगळं जेमतेम चाळीस तासांत. हे तिन्ही एकाच सकाळी कोंबलं की कोरड्या जानेवारीत पण भांडण होतं. पाऊस एवढंच करतो की वापरता येणारे तास कमी करतो, म्हणून कोणता तास कशाला द्यायचा हे आधी ठरवावं लागतं. माझं उत्तर सगळं त्याच्याभोवतीच आहे.

आता जावं का नाही, हे महिन्यावर आहे. जूनमध्ये आपल्याकडं सकाळ मोकळी असते आणि दुपारी तीन-चारच्या पुढं आभाळ भरून गडगडाटासकट पाऊस येतो, थोडा वेळ झोडपतो आणि जातो, धोका पावसापेक्षा विजेचा. जुलै-ऑगस्टात वीज कमी, पण झड लागली तर दोन दोन दिवस भुरभुर थांबत नाही, आणि म्हैसमाळ सुमारे साडेतीन हजार फुटांवर असल्यानं वर ढग बसून राहतो, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही असं पण होतं. सप्टेंबरात परत गडगडाट सुरू होतो आणि पडला तर एकदम मोठा पडतो. तुम्ही महिना सांगितला नाही, पण अंदाजाच्या भाषेवरून जुलै-ऑगस्ट धरतो.

अलर्टचं माझं साधं आहे. यलो असेल तर बिनधास्त जा. ऑरेंज असेल तर केबिनवर जा, खा, झोपा, जवळपास फिरा, पण किल्ला, धबधबा, जंगल हे त्या दिवशी बंद. रेड असेल तर पैसे बुडाले तरी घरी बसा. आपल्याकडं एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटर पडला की अतिवृष्टी धरतात, बातम्यांत तुम्ही वाचताच की अमुक मंडळात अतिवृष्टी झाली म्हणून, आणि तेवढा पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं असलं तरी ओढे-नाले चढलेलेच असतात. त्यामुळं आजचा अंदाज बघून भागत नाही, काल किती पडला ते पण बघा. आणि रस्त्यात फरशी पूल असेल, त्यावरून पाणी वाहत असेल, तर पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही. घोट्याच्या जरा वर, म्हणजे वीतभर, वेगानं वाहणारं पाणी मोठ्या माणसाचा पाय काढतं, आणि फूटभर पाण्यात छोटी गाडी सरकायला लागते. तिथं थांबायचं, चहा प्यायचा, पाणी उतरतं.

बरं, आता क्रम. तुम्ही लिहिलंय शनिवारी ट्रेक आणि रविवारी लाँग रन, कारण तुमच्या प्लॅनमध्ये लाँग रन रविवारी आहे. मी हे उलटं करीन. कारण ट्रेकमध्ये पाय दुखतात ते उतरताना. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात जात वजन पेलतात, आणि ते दुखणं त्या दिवशी कळतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. शनिवारी किल्ल्याच्या पायऱ्या उतरल्या की रविवारी सकाळी लाँग रनला तुम्ही पाय घासतच पळणार. वरून रविवारी म्हैसमाळला नऊ-दहानंतर संभाजीनगरची गर्दी सुरू होते, बाईकवाली पोरं धुक्यात लाईट न लावता येतात, आणि तुमचं चेकआउट पण डोक्यावर असतं. शनिवारी सकाळी सहा-साडेसहाला तोच रस्ता रिकामा असतो. तर शनिवारी पळा, रविवारी चढा.

पण याला एक अपवाद आहे आणि तो क्रमापेक्षा महत्त्वाचा आहे. भुरभुर पावसात पळता येतं, काही बिघडत नाही, उलट गार वाटतं. ओल्या दगडी पायऱ्या उतरणं मात्र पाऊस चालू असताना वेगळंच काम होऊन बसतं. म्हणून दोन दिवसांतली जी सगळ्यात चांगली उघडीप दिसतेय ती ट्रेकला द्यायची आणि उरलेल्या भुरभुरीत पळून घ्यायचं. शुक्रवारी रात्री अंदाज बघा, रविवार वाईट दिसत असेल तर गुमान उलटवा, शनिवारी किल्ला आणि रविवारी नुसतं अर्धा तास हलकं पळणं. १४ किलोमीटर गेले तर गेले. एका लाँग रननं हाफ मॅरेथॉन बिघडत नाही, दहा-बारा दिवस पूर्ण बंद पडलं तर थोडा फरक जाणवायला लागतो, एका रविवारचं काय घेऊन बसलात.

आणि १४ हा आकडा पण तिथं धरू नका, वेळ धरा. परभणी सपाट, तुम्हाला चढाची सवय नाही, त्यामुळं वर गेल्यावर तोच वेग ठेवायला गेलात तर चौथ्या किलोमीटरला दम लागणार आणि मग तुम्हाला वाटणार उंचीमुळं होतंय. एवढ्या उंचीनं काही होत नाही, चढानं होतं. तास-सव्वा तास, पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगात, बास. घाटात उतारावर मोकळं सोडून पळायचा मोह होतो, तो टाळा, कारण दुसऱ्या दिवशी त्याच मांड्यांवर किल्ला उतरायचाय.

आता एकत्र कसं, हा मुद्दा. नवरा-बायकोंना मी सांगतो की सोबत म्हणजे शेजारी-शेजारी असं नसतं. दाजींना तुमच्यासोबत पळायला लावलं तर ते दोन किलोमीटरनंतर चिडणार, आणि तुम्ही त्यांच्यासोबत चाललात तर तुमचं घड्याळाकडं लक्ष. त्यापेक्षा भेटायचं ठिकाण एक ठेवा आणि रस्ते वेगळे. समजा केबिनपासून ५ किलोमीटरवर चहाची टपरी किंवा एखादं देऊळ आहे. दाजी ताशी पाचच्या चालीनं निघाले तर त्यांना तासभर लागतो. तुम्ही किलोमीटरला सात मिनिटांनी पळता असं लिहिलंय, म्हणजे त्याच तासात तुमचे साडेआठ होतात. मग दोघांनी एकाच वेळी निघायचं, तुम्ही आधी उलट्या दिशेला पावणेदोन किलोमीटर जाऊन परत यायचं म्हणजे साडेतीन झाले, तिथून पुढं दाजींच्या मागं ५, झाले साडेआठ, आणि दोघं टपरीवर जवळपास बरोबरच पोचता. अगदी टपरीजवळ तुम्ही त्यांना मागून गाठता आणि पुढं जात नाही, हे नवऱ्यांना बरं वाटतं, अनुभव आहे. मग चहा घ्या, परतीचे ५ सोबत गप्पा मारत चाला. तुमचं दोन तास पायावर राहणं झालं, हाफच्या तयारीला तेच लागतं, आणि दाजींचे दहा किलोमीटर झाले. रस्ता चढाचा असेल तर तुमचा वेग किलोमीटरला मिनिटा-दीड मिनिटानं पडणार, तेवढा हिशोब बदला.

हे केबिन नेमकी कुठं आहे त्यावर आहे. खुलताबादहून म्हैसमाळ साधारण १२ किलोमीटर, त्या रस्त्यावर खाली कुठं असेल तर वर गिरिजादेवीच्या देवळाकडं भेटायचं ठेवता येईल. वर पठारावरच असेल तर एवढा लांब सरळ रस्ता घाट न उतरता मिळणार नाही, मग दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारा. रनर लोकांना फेऱ्यांचा कंटाळा येतो, मला माहितीय, पण पावसात फेऱ्यांसारखं दुसरं काही नाही, कारण गडगडलं तर छप्पर कधीच एक किलोमीटरच्या पलीकडं नसतं. कपडे भडक रंगाचे घाला, रस्त्याच्या उजव्या अंगानं समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा, आणि कानात काही घालू नका.

कच्च्या रस्त्यावर पळू का असं पण विचारलंय. मुरमाचा असेल तर पळा, पाणी निथळून जातं. काळ्या मातीच्या पांदणीत मात्र पाऊस थांबून वाफसा आल्याशिवाय पाय टाकू नका. तुम्ही परभणीच्या, तुम्हाला काळ्या रानाचं काय सांगायचं, चार पावलांत बुटाखाली किलोभर गारा चिकटतो आणि घोटा कधी मुरगळतो कळत नाही.

शनिवारची दुपार वेरूळला द्या. पळून झालेल्या पायांना हळूहळू फिरणं बरं असतं आणि ३४ लेणी आहेत, पाऊस आला की आत जायचं, थांबला की पुढच्या लेणीत जायचं. १६ नंबरच्या कैलासला सगळे जातात आणि तिथूनच परत फिरतात. तुम्ही २९ नंबरपर्यंत जा, तिथं सीता की न्हाणी म्हणतात तो धबधबा कोसळत असतो, चांगला पाऊस झाल्यावर तिथं उभं राहून बघण्यासारखं काही वेरुळात दुसरं नाही. लेणी मंगळवारी बंद असतात, शनिवार-रविवार चालू. शनिवारी संध्याकाळी मात्र काहीही ठरवू नका. सनसेट पॉइंट नको, कुठला व्ह्यू नको, ढगात दिसत पण नाही काही. लोक पावसात फिरायला येतात आणि दिवसभर रील कुठं काढायची ते शोधत गाडीत बसून राहतात. केबिन घेतलीय ना, मग केबिनमध्ये बसा.

रविवारचा ट्रेक. दाजींची यादी तुम्ही दिलीय, पितळखोरा, अंतूर आणि देवगिरी. मी देवगिरी घेईन. दाजी म्हणतील तो काय ट्रेक आहे, तिकीट काढून जायचं. पण दोन कारणं आहेत. एक तर तो तुमच्या परतीच्या वाटेवर आहे, सकाळी चेकआउट करून सामान गाडीत टाका, किल्ला उघडतानाच पोचा, बाराच्या आत खाली या आणि थेट परभणीचा रस्ता धरा. दुसरं, पायऱ्या बांधलेल्या आहेत, माणसांचा राबता आहे, काही झालं तर मदत आहे. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास सांगतात, खंदकावरचा पूल, मग अंधारी म्हणजे काळोखाचा भुयारी मार्ग, मग वरची बारादरीची इमारत. अंधारीत खरोखर मिट्ट काळोख असतो, वटवाघळांचा वास येतो, पावसाळ्यात फरशी ओली असते, तर मोबाईलच्या लाईटवर विसंबू नका, हातात खरी टॉर्च घ्या. बारादरीतून खाली ढग सरकताना दिसले की दाजी तिकिटाचं विसरतील. तिथून वर जनार्दनस्वामींच्या स्थानापर्यंत जायचं का हे तिथल्या पावसावर ठरवा, बारादरीतून परत फिरलात तरी काही कमी होत नाही.

पितळखोऱ्याला झडीत जाऊ नका. लेण्यांकडं पायऱ्या उतरून जावं लागतं, मध्ये नाला आहे आणि वरच्या पठारावर पडलेलं पाणी तिथं एकदम येतं. तुम्ही उभ्या आहात तिथं थेंब नसताना पाणी वाढू शकतं. ते सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरात करा. अंतूर लांब पडतं आणि रस्ता पावसात त्रास देतो. हे दोन्ही गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या अंगाला येतात, १९८६ ला जाहीर झालेलं अभयारण्य आहे, बिबटे आहेत, त्यामुळं गेटवर नोंद करून दिवसाउजेडी जायचं आणि उजेडातच बाहेर यायचं. पहाटे तिथं एकटीनं पळायचा विचार तुमच्या मनात असेल, रनर लोकांच्या असतोच, तो काढून टाका.

आणि देवगिरी पण नकोच असेल, चिखल-गवतातलंच चालायचं असेल, तर खुलताबादजवळचं शुलीभंजन. दत्ताचं देऊळ आहे वर, एकनाथ महाराजांनी तिथं तप केलं म्हणतात, अर्ध्या सकाळीत निवांत होतं आणि पावसाळ्यात डोंगर असा हिरवा होतो की आपण मराठवाड्यातच आहोत ना असं वाटतं.

ओल्या दगडावर कसं चालायचं ते मी सगळ्यांना पहिल्या दहा मिनिटांत करून दाखवतो, इथं लिहून सांगतो. आपला दगड काळा बेसाल्ट, कोरडा असला की बूट चांगला धरतो, पण शेवाळ आलं की साबण. हिरवट-काळपट चमकणारा भाग टाळा, खडबडीत आणि फिकट दिसणारा बघून पाय टाका. उतरताना टाच आधी टेकवू नका, पूर्ण तळवा एकदम, पावलं छोटी, गुडघे थोडे वाकलेले. ज्याचा वेग कमी तो पुढं, म्हणजे मागच्याला त्याच्या वेगानं जावं लागतं, पुढच्याला पळावं लागत नाही. बुटाची परीक्षा घरीच घ्या, अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाणी टाकून बूट घालून उभं राहा आणि जरा सरकून बघा. रोडवर झिजलेले रनिंगचे बूट तिथंच नापास होतात, ते किल्ल्यावर नेऊ नका.

विजेचं वेगळं सांगतो कारण मराठवाड्यात दरवर्षी माणसं-जनावरं विजेनं जातात. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेवढ्यावर पळणं-चढणं बंद, आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आत म्हणजे भिंतींची पक्की खोली किंवा काचा लावलेली गाडी. एकटं झाड, उघडं पत्र्याचं शेड, म्हैसमाळचा टीव्हीचा टॉवर, यांच्याजवळ थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं दामिनी ॲप दोघांच्या मोबाईलमध्ये टाकून घ्या, आसपास वीज पडायलीय का ते दाखवतं. पण वर रेंज येते-जाते, म्हणून कान उघडे ठेवणं हेच पहिलं.

म्हणजे इथपर्यंत एवढं झालं: शनिवारी सकाळी वेळेवर धरलेलं हलकं पळणं आणि टपरीवर भेट, दुपारी वेरूळ, संध्याकाळ रिकामी, रविवारी सकाळी देवगिरी करून घरी, आणि आभाळानं सांगितलं तर शनिवार-रविवारची अदलाबदल.

सामानात बूट दोन जोड प्रत्येकी, याला पर्याय नाही. ओले बूट केबिनमध्ये दोन दिवस वाळत नाहीत, आतलं पॅड काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. सुती मोजे नकोत, पाणी धरून ठेवतात आणि फोड येतात. बोटांमध्ये, मांड्यांना, आणि कपड्याची शिवण घासते तिथं व्हॅसलीन लावून निघा, पावसात पळताना घासलेली कातडी अंघोळीला बसल्यावर कळते. रेनकोट घालून पळू नका, आत घाम साठून माणूस बाहेरून कोरडा आणि आतून ओला होतो, पातळ विंडचीटर आणि पुढं छज्जा असलेली कॅप बास, म्हणजे डोळ्यात पाणी जात नाही. ट्रेकला पोंचो घ्या, छत्री पठारावरच्या वाऱ्यात उलटी होते. जीन्स घरी ठेवा. गार हवेत तहान लागत नाही पण दमट हवेत घाम खूप जातो आणि वाळत नाही, तर पळून आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आठवणीनं प्या. पळून आलात की पहिलं काम ओले कपडे बदलणं, स्ट्रेचिंग नंतर, चहा नंतर.

खाण्याचं म्हणाल तर धपाटे करून न्या, दोन दिवस मस्त टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. शनिवारी पळायच्या आधी अर्धं धपाटं आणि गूळ पुरतं. भजी आणि भाजलेलं कणीस तिथं मिळतंच, पण पळायच्या आदल्या रात्री रस्त्यावरची तिखट-तेलकट भजी नको, वरती झाडीत धावत जायची वेळ येते.

केबिनमध्ये लाईट जाणार हे गृहीत धरा, गीझर लाईटवर असेल तर गरम पाणी पण जाणार. दोरी न्या कपडे वाळवायला. बूट रात्री व्हरांड्यात ठेवू नका, आणि कुठंही ठेवले तरी घालायच्या आधी उलटे करून आपटा, पावसात विंचू आणि बेडूक दोघांना बूट आवडतो. रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि बंद बूट. साप चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं काही करायचं नाही, हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करायचा नाहीतर गाडीनं थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात, संभाजीनगरात घाटीला.

दोघांसाठी दोन नियम मी प्रत्येक जोडप्याला निघायच्या आधी मान्य करायला लावतो. परत फिरायची वेळ आधीच ठरवायची, समजा अकरा, मग वरचं टोक पाच मिनिटांवर असलं तरी अकराला वळायचं. आणि दोघांपैकी एकानं परत फिरू म्हटलं की दुसऱ्यानं का म्हणून विचारायचं नाही, खाली आल्यावर विचारायचं. दुसरा नियम पुरुषांना जड जातो, पण मी पाहिलंय की वर झालेली घसरापडी बहुतेक वेळा अशाच कोणाला तरी नको असताना पुढं नेल्यावर होते.

झड लागून शनिवारभर बाहेर पडताच नाही आलं तर? तर केबिनमध्येच वीस-पंचवीस मिनिटं बैठका, टाचा वर उचलणं, प्लँक, ब्रिज, दोघांनी मिळून. रनरला हे तसंही आठवड्यात दोनदा करायचं असतं आणि कोणी करत नाही. मग झोपा दुपारभर. तुम्ही दोघं नोकरीवाले, झोपेची उधारी डिसेंबरच्या आत फेडलेली बरी.

प्रवासाचं एक राहिलं. परभणीहून जिंतूर-मंठा-जालना करत पावसात पाच तास धरा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तर केबिनवर पोचायला मध्यरात्र, आणि घाट रात्री धुक्यात. अर्धा दिवस सुट्टी काढून दोनच्या आत निघा. नाहीच जमलं तर संभाजीनगरात मुक्काम करा आणि शनिवारी उजाडल्यावर वर जा, पळणं आठला सुरू झालं तरी चालतं. पाच तास बसून पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं चाला, मगच जेवा.

तारखा श्रावणातल्या असतील तर आत्ताच बघा. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते आणि शुक्रवारी रात्रीपासून संभाजीनगरहून लोक पायी निघतात, रस्ता माणसांनी भरलेला असतो, आणि सोमवारच्या घृष्णेश्वरामुळं रविवारी संध्याकाळपासून वेरूळ पण भरतं. त्यात दौलताबादच्या दिल्ली गेटमधून एका वेळी एकच गाडी जाते. अशा वेळी माळीवाड्याहून कसाबखेडा मार्गे वेरूळ गाठा, थोडं लांब पडतं पण थांबावं लागत नाही. किंवा तारीख एक आठवडा पुढं-मागं करा, तेवढं केबिनवाले करून देतात. फोन करालच तर त्याच फोनवर तीन गोष्टी विचारा, जनरेटर आहे का, गीझर कशावर चालतो, आणि केबिनपर्यंतचा शेवटचा रस्ता डांबरी आहे का मातीचा. मातीचा म्हणाले तर गाडी कुठं लावायची ते पण विचारून घ्या.